पिक्याला भरवताना

जुलै लागला की आमच्या बिल्डिंगखाली बॅगांच्या चाकांचा आवाज सुरू होतो. शाळांना सुट्टी लागलेली असते. संध्याकाळी कुठल्या तरी टॅक्सीची डिकी उघडी असते, शेजारी नायलॉनच्या दोरीनं आवळलेला खोका, खोक्यावर मार्करनं ठळक लिहिलेलं नाव आणि गाव, आणि घामानं निथळत बॅगा मोजणारा एखादा बाप. बायका शेजारणींना कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालायला सांगत असतात. आठवड्याभरात बाल्कन्यांमधले लहान मुलांचे कपडे दिसेनासे होतात. लिफ्ट मधल्या मजल्यांवर थांबायची बंद होते. दुबईजवळच्या अजमानमधली आमची गल्ली एरवी इतकी गजबजलेली, पण या दिवसांत फक्त एसींची घरघर आणि त्यांच्या पाइपातून टपटपणारं पाणी.

दारातून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते. समुद्राची ती चिकट, जड हवा. इथला उन्हाळा आला की आधी काही दिसेनासंच होतं. चष्मा शर्टाच्या टोकाला पुसत फुटपाथवर उभं राहायचं आणि समोरची गल्ली पुन्हा आकाराला येण्याची वाट बघायची.

गेल्या वर्षी असाच चष्मा पुसत मी एका टॅक्सीशेजारी उभा होतो. मानसी आणि ओजस, माझी बायको आणि अकरा वर्षांचा मुलगा, कायमचे साताऱ्याला निघाले होते. कायमचे असं कुणी म्हटलं नव्हतं. तात्पुरतं असं म्हणालो होतो. तात्पुरतं हा गल्फमधला सगळ्यात टिकाऊ शब्द आहे. कंपनीनं फॅमिली फ्लॅट देणं बंद केलं, मानसी शिकवत होती ती नर्सरी बंद पडली, आणि जेवणाच्या टेबलावर बरेच दिवस चाललेली चर्चा एका संध्याकाळी आपोआप संपली. ते दोघं मानसीच्या भावाच्या शेजारी घर घेऊन राहणार, मी इथे एखादी खोली बघणार. दुबईतल्या सिलिकॉन ओएसिसमधलं घर आम्ही खोली खोली करून रिकामं केलं. सोफा गेला, फ्रीज गेला, ओजसचा अभ्यासाचा टेबल एका फिलिपिनो जोडप्यानं नेला.

पिक्याला मात्र कुठेच पाठवता येत नव्हतं.

पिक्या म्हणजे सरडा. येमेनच्या डोंगरांतल्या जातीचा, इथल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात जन्मलेला. घरी आला तेव्हा माझ्या मधल्या बोटाएवढा, कोवळ्या हरभऱ्यासारखा पोपटी, डोक्यावर टोपीसारखा तुरा नुकता कुठे उगवू लागलेला. ओजसनं त्याच्यासाठी वर्षभर मोहीम चालवली होती. भिंतीवर चित्रं चिकटवली, आम्हाला व्हिडिओ दाखवले, खर्चाचा आणि जागेचा हिशेब इंग्रजीत समजावून सांगितला. मानसी म्हणायची, लोकांची मुलं मांजर मागतात, फार तर ससा. कराडजवळच्या माझ्या गावात सरडा म्हणजे कुंपणावर मान हलवणारा प्राणी. त्याची धाव कुठवर असते ते गुरुजी आम्हाला गणितं चुकल्यावर ऐकवत. पैसे देऊन कुणी तो विकत घेतं हे मी गावाकडे कधीच सांगितलं नाही. ओजसनं नाव ठेवलं पिक्सेल. मानसीनं दुसऱ्याच दिवशी त्याचा पिक्या केला आणि तेच राहिलं.

विमानतळाच्या वाटेवर ओजस मला सूचना देत होता, सगळ्या इंग्रजीत. रातकिडे लहानच घ्यायचे. पिक्याच्या दोन डोळ्यांमधलं अंतर असतं त्याहून मोठा किडा द्यायचा नाही, घशात अडकेल. त्याचं वय वाढीचं आहे म्हणून सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा द्यायचे. कॅल्शियमची पावडर विसरायची नाही. तो वाटीतलं पाणी पीत नाही, पानांवर फवारा मारायचा. एसीचा झोत अंगावर येऊ द्यायचा नाही. मी हो, हो म्हणत होतो. मानसी खिडकीबाहेर बघत होती. आत जायच्या दाराशी ओजस थांबला. रडला नाही. माझ्या शर्टाचं बटण धरून म्हणाला, "बाबा, यू विल सेंड मी अ व्हिडिओ. एव्हरी डे."

मी कबूल केलं.

अजमानची खोली एका पलंगाची आहे. पलंग, लोखंडी कपाट, आणि खिडकीपाशी स्टुलावर पिक्याचा जाळीचा पिंजरा. फ्लॅट ज्याच्या नावावर आहे तो मल्याळी गृहस्थ पिंजरा बघून एवढंच म्हणाला, "काटता नहीं ना?" दुसऱ्या खोलीत पेडणेकर राहत. देवगडकडचे, पन्नाशी कधीच ओलांडलेले, एका कंपनीची कामगारांची बस चालवणारे. त्यांनी मी सामान आत नेताना दार धरलं. मग पिंजऱ्यावरचा टॉवेल सरकला आणि आत काय आहे ते त्यांना दिसलं. त्यांनी दार सोडलं, स्वतःच्या खोलीत गेले, आणि नंतर कितीतरी दिवस माझ्या खोलीवरून जाताना भिंतीकडे तोंड करून जात. त्यांच्याकडे कामाला निघताना सरडा दिसणं चांगलं मानत नाहीत, असं पुढे कळलं. आणि त्यांना तर रोज पहाटे बस काढायची असे.

दुबईतल्या ऑफिसात मी दिवसभर डक्टचे ड्रॉइंग काढतो. बहुमजली इमारतींतून थंड हवा कशी फिरेल ते कागदावर दाखवणं हे माझं काम. संध्याकाळी गाड्यांच्या न संपणाऱ्या लाल दिव्यांमधून अजमानला पोचायचं, बूट काढायचे, हात धुवायचे आणि पिक्याचं ताट वाढायला घ्यायचं. रातकिड्यांचा डबा वेगळा. त्यांनाही आधी खाऊ घालावं लागतं, गाजराचा कीस, मेथीची चार पानं, कारण ते जे खातात तेच शेवटी पिक्याच्या पोटात जातं. मग लहान लहान बघून प्लास्टिकच्या पिशवीत घ्यायचे, चिमूटभर पावडर टाकायची आणि पिशवी हलवायची. भजी पिठात घोळवावीत तसे ते पांढरे होऊन निघत. पहिल्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला. आठवड्याभरात ते सवयीचं झालं.

लांब चिमट्यात किडा धरून मी जाळीचं दार उघडायचो. फांदीवर पिक्या अगदी हळू, वाऱ्यानं पान हलावं तसा मागेपुढे झुलत असायचा. एक डोळा माझ्याकडे, एक छताकडे. मग दोन्ही डोळे एकदम पुढे वळत, किड्यावर थांबत. तोंड जरासं उघडे. त्यानंतरचं मला कधीच नीट बघता आलं नाही. किडा होता आणि आता नाही, एवढंच कळे, आणि चिमट्याला बसलेला बारीकसा हिसका. तो हिसका बोटांत बराच वेळ राहायचा. ओजस लहान असताना मी त्याला भरवलेलं मला फारसं आठवत नाही. मी घरी यायचो तोवर तो जेवून झोपलेला असायचा. मऊ भाताचा घास, एक काऊचा, एक चिऊचा, हे सगळं मानसीनं केलं. मी ते ऐकलं ते फोनवर, साइटवरून.

पिक्या खाताना मी दुसऱ्या हातानं व्हिडिओ काढायचो. इथे संध्याकाळ असायची, साताऱ्यात जेवणं उरकलेली. लगेच फोन वाजायचा. "डिड ही ईट ऑल?" "वॉज ही डार्क?" ओजस प्रश्न विचारायचा आणि मी उत्तरं द्यायचो. शाळेबद्दल विचारलं तर "फाइन." मामाच्या मुलांबद्दल विचारलं तर "फाइन." पिक्याबद्दल मात्र आम्ही खूप बोलायचो.

फोन संपला की मी पलंगावर बसायचो, पिंजऱ्याकडे तोंड करून. दुसरीकडे तोंड करायला जागाच नव्हती आणि खरं म्हणजे इच्छाही नव्हती. त्या खोलीत जिवंत असं तेच होतं. मी त्याच्याशी बोलायचो. ट्रॅफिकबद्दल, माझ्या साहेबाबद्दल, भाजी कशी खारट झाली त्याबद्दल. तो एक डोळा फिरवायचा आणि मला ते उत्तर वाटायचं. सुट्टीच्या दिवशी तर दिवसभर. ऑगस्टमध्ये बाहेर कुठे जाण्यासारखं हवामान नसतं आणि जाण्यासारखं घरही राहिलं नव्हतं. ओळखीची सगळी कुटुंबं गावी गेलेली. मी नाष्टा करायचो, पिंजऱ्यासमोर बसायचो, जेवायचो, पिंजऱ्यासमोर बसायचो.

मग पिक्यानं खाणं सोडलं.

पहिल्या दिवशी वाटलं पोट भरलं असेल. दुसऱ्या दिवशीही त्यानं किड्याकडे पाहिलं आणि फांदीच्या पलीकडच्या बाजूला सरकला. फांदी त्याच्याहून बारीक, तरी तो तिच्यामागे लपल्यासारखा चिकटून राहिला. पोपटी रंग जाऊन अंगावर शेवाळासारखे काळपट डाग आले. मी किडा आणखी जवळ नेला, तर त्यानं तोंड उघडून फुस्स केलं. एवढ्याशा जिवानं. त्या रात्री मी ओजसला खरं ते सांगितलं. खोटं बोलावंसं वाटलं होतं, पण त्याला पिक्याचे रंग माझ्यापेक्षा जास्त कळत होते.

त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तापमान विचारलं, दिवा विचारला. मग म्हणाला, "वेअर डू यू सिट?"

मी सांगितलं, पलंगावर, त्याच्यासमोर.

"ऑल द टाइम?"

"हो. म्हणजे घरी असलो की."

मग त्यानं मला समजावलं, एखाद्या लहान मुलाला समजवावं तसं. सरड्याला सोबत नको असते. समोर बसून बघत राहणारा मोठा प्राणी म्हणजे त्याच्या लेखी आपल्याला खाऊ पाहणारा प्राणी. तू बघतोयस तोवर तो हलणार नाही, खाणार नाही. किडे उभट कपात ठेव, कप फांदीला अडकव आणि खोलीतून बाहेर जा. "जस्ट गो अवे, बाबा. ही विल बी ओके."

फोन ठेवला आणि मी त्या खोलीत उभा राहिलो. आता कुठे जायचं?

बाहेर म्हणजे पॅसेज. पॅसेजच्या टोकाला स्वयंपाकघर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कप अडकवला, फोन व्हिडिओवर लावून पिंजऱ्यासमोर टेकवला, दार लोटलं आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. पेडणेकर बांगड्याचं कालवण करत होते. दीड महिना आम्ही एकाच शेगडीवर वेगवेगळ्या वेळी स्वयंपाक करत होतो आणि एकमेकांना फक्त "आज फार गरम" एवढंच म्हणत होतो. त्यांनी मला नुसताच उभा असलेला पाहिलं. काय हवंय, असं भुवयांनी विचारलं. मी म्हणालो, काही नाही, तो जेवतोय, म्हणून बाहेर आलो.

"कोण जेवता?"

"सरडा. मी समोर असलो की जेवत नाही."

त्यांनी गॅस बारीक केला. विचार केला. मग कोपऱ्यातलं स्टूल पायानं माझ्याकडे सरकवलं.

पिक्या जेवला. परत गेलो तेव्हा कप रिकामा होता आणि तो पुन्हा पोपटी होत होता.

त्यानंतर रोज संध्याकाळी तसंच. पिक्याच्या जेवणाच्या वेळात मी स्टुलावर बसायचो आणि पेडणेकर रांधायचे. मग माझं पीठ मळणं आणि त्यांचं कालवण एकाच वेळी व्हायला लागलं, आणि ताटंही दोन न राहता समोरासमोर आली. ते थोडं थोडं सांगायचे, पाठमोरे, कढईकडे बघत. तरुणपणी आले, लग्न सुट्टीत झालं, मुलगी झाली ती फोनवर कळली. दोन वर्षांनी दोन महिने घरी. ती लहान असताना हे गेले की आईच्या पदराआड लपायची. मग हळूहळू जवळ यायची, आणलेलं चॉकलेट दुरून घ्यायची. मांडीवर बसायला लागायची तोवर परतीचं तिकीट. पुढच्या खेपेला पुन्हा पदराआड. "दरवेळी पहिलीपासून शाळा," ते म्हणाले. आता तिचं लग्न झालंय, तिला मुलगा आहे. "तोही लपता," एवढं बोलून त्यांनी मीठ चाखलं.

मी त्यांच्याकडे बघायचो आणि माझ्या वयात त्यांची वर्षं मिळवायचो. मग मिळवणं थांबवायचो.

डब्यातून निसटलेला एक रातकिडा त्या दिवसांत फ्रीजमागे जाऊन राहिला. तिथे तो वाढला, आणि एका संध्याकाळी अचानक ओरडायला लागला. किर्र, थांबणं, पुन्हा किर्र. पेडणेकरांच्या हातात डाव होता तो तसाच राहिला. बाहेर सिमेंट तापलेलं, खिडक्या बंद, खालून पाण्याच्या टँकरची मोटर, आणि फ्रीजमागे ओल्या बांधावरचा तो आवाज. मी वाकून बघू लागलो तर पेडणेकर म्हणाले, "ऱ्हवांदे. ऱ्हवतलो तवसर ऱ्हवांदे." राहील तोवर राहू दे. फ्लॅटवाल्यानं दोनदा तक्रार केली. आम्ही दोघांनी शोधल्याचं नाटक केलं. काही दिवसांनी तो आपोआप बंद झाला. त्या संध्याकाळी आम्ही जेवलो जरा लवकर आणि उठलोही लवकर.

ऑक्टोबरात हवा जरा सुटली. मला कंपनीनं अबू धाबीजवळच्या मुसाफ्फाहच्या एका साइटवर पाठवलं, राहायची सोय मोहम्मद बिन झायद सिटीत. पंधरवड्याचं काम. पिक्याचं कोण बघणार? पेडणेकरांनी स्वतःहून विचारलं नाही, मीही बरंच घुटमळलो. शेवटी ते म्हणाले, कप अडकवायचा ना, मग त्यात काय आहे. रोज संध्याकाळी त्यांचा व्हॉइस मेसेज यायचा, एका शब्दाचा. "खाल्ल्यान." खाल्लं त्यानं. परत आल्यावर फ्लॅटवाल्यानं हसत सांगितलं, चाचा रोज तुमच्या खोलीत पाठ पुढे करून जायचे आणि हात मागे करून कप अडकवायचे.

मी तिथे जायच्या आठवडाभर आधी मानसीचा फोन आला होता. एरवी ती संध्याकाळी ओजस असताना करते, हा दुपारी आला. तिनं आधी इकडचं तिकडचं विचारलं. मग म्हणाली, "एक सांगू? तू ते व्हिडिओ थांबव."

मी विचारलं, त्यानं तक्रार केली का?

तक्रार नव्हती. ओजस आता रमायला लागला होता. मामाच्या मुलांबरोबर मैदानावर जायचा, शाळेत मराठीत बोलायचा, त्याच्या बोलण्यात तिथला हेल आला होता. पण रोज व्हिडिओ आला की तो बघायचा, मला फोन करायचा आणि नंतर तासभर कुणाशी बोलायचा नाही. जेवायला हाक मारली तरी ऐकू न आल्यासारखा. "तुला वाटतं तू त्याला जोडून ठेवतोयस. आणि तो इथे लागलेला उपटला जातो रोज थोडा," ती म्हणाली. ती रागावून बोलत नव्हती. माझ्याकडे त्याला पाठवण्यासारखं दुसरं काही नव्हतं, हे मी तिला सांगितलं नाही.

मी व्हिडिओ थांबवले. ओजसनं का थांबले ते विचारलं नाही. पहिले काही दिवस कप अडकवला की माझा हात खिशाकडे जायचा. मग तोही सुटला. फोन आता रविवारी व्हायचे. ओजस मराठीत बोलायचा, स्वच्छ, मला हेवा वाटावा इतकं. आणि मामाची मुलं त्यांच्या वडिलांना म्हणतात तसं मला अहो-जाहो करायचा. "तुम्ही कसे आहात, बाबा?" इंग्रजीतल्या 'यू'मध्ये तू आणि तुम्ही दोन्ही असतात. मी त्याचा नेमका कोण, हे तोवर कधी ठरवावंच लागलं नव्हतं.

थंडीत पिक्या वाढला. अंगावर पिवळे आणि निळसर पट्टे उमटले, तुरा उंच झाला. तो इतका देखणा झाला होता की पाहणाऱ्यानं थांबावं, आणि थांबून पाहिलेलं त्याला अजूनही चालत नव्हतं. ओजसनं मागेच सांगितलं होतं, मोठा झाला की रोज लागणार नाही. एक दिवसाआड पुरतं. मी एक दिवसाआड द्यायला लागलो. मधल्या संध्याकाळी मला खोलीबाहेर जायचं काही कारण नसायचं, तरी मी स्टुलावर जाऊन बसायचो. पेडणेकरांनी कधी विचारलं नाही की आज तर त्याचं जेवण नाही.

एप्रिलमध्ये पेडणेकरांचं "कॅन्सल" झालं. इथे माणूस निवृत्त होत नाही, त्याचा व्हिसा कॅन्सल होतो. बस नव्या, तरुण ड्रायव्हरकडे गेली. त्यांनी भांडी मला दिली, पलंग फ्लॅटवाल्याला दिला. जायच्या दिवशी बॅगा दारात ठेवून ते माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर आले आणि पहिल्यांदाच सरळ पिंजऱ्याकडे पाहिलं. प्रवासाला निघताना. पिक्यानं एक डोळा त्यांच्याकडे फिरवला. "बरो दिसता," म्हणाले, आणि गेले.

पंधरा-वीस दिवसांनी त्यांचा व्हॉइस मेसेज आला. मागे कोंबड्यांचा आवाज, कुणीतरी कुणाला तरी हाका मारतंय. "हंय सगळी आसत रे. पण घरात माका खंय बसूचा ताच कळना नाय." इथे सगळी आहेत, पण घरात कुठे बसायचं तेच कळत नाही. मी तो दोनदा ऐकला. मग लिहिलं, स्वयंपाकघरात बसा.

त्यांची खोली अजून रिकामी होती म्हणून मे महिन्यात मी मानसी आणि ओजसला व्हिजिट व्हिसावर बोलावलं. शारजा विमानतळावर ओजस बाहेर आला तो मला ट्रॉलीमागून दिसलाच नाही, मी लहान मुलगा शोधत होतो. त्याची उंची मानसीच्या कानापर्यंत आली होती. त्यानं वाकून नमस्कार केला. मी खांद्याला धरून उठवेपर्यंत तो उठलाही होता. गाडीत तो खिडकीबाहेर बघत होता, मानसी माझ्याशी बोलत होती, आणि मला सारखं वाटत होतं की घरी गेलो की पिक्या आहे, पिक्यापाशी आमचं जमेल.

मी दार उघडलं. "जा, बघ तुझा पिक्सेल."

ओजस खोलीत गेला आणि मधोमध थांबला. पिंजऱ्याकडे त्यानं पाहिलं, पण थोडाच वेळ. मग पलंगाकडे पाहिलं. कपाटाकडे, कपाटाच्या दाराला अडकवलेल्या माझ्या दोन शर्टांकडे, खिडकीतल्या स्टीलच्या एका पेल्याकडे आणि पालथ्या घातलेल्या एका ताटाकडे. मानसी दारात माझ्या मागे उभी होती. तिनं ही खोली फोनवर पाहिली होती. त्यानं नव्हती. त्याला मी दाखवला होता तो फक्त पिंजरा, एकशेएक वेळा, जवळून.

"बाबा," तो म्हणाला, "तू इथे राहतोस?"

मी म्हणालो, हो, सगळं आहे की. बाथरूम समोर, किचन तिकडे.

तो पलंगावर बसला. मी रोज बसायचो तिथेच, पण पिंजऱ्याकडे पाठ करून. मीही शेजारी बसलो. मानसी बॅगा उघडायला दुसऱ्या खोलीत गेली, आणि आम्ही दोघं बराच वेळ भिंतीकडे बघत बसलो. पिक्यानं त्याला ओळखलं नाही. संध्याकाळी ओजस जवळ गेला तर तो काळा पडला, फुस्सही केलं. मला वाटलं ओजसला लागेल. त्याला लागलं नाही. "ते कुणाला ओळखत नाहीत, बाबा. ते तसेच असतात," तो म्हणाला, आणि कप अडकवून माझा हात धरून मला बाहेर घेऊन आला.

त्या तीन आठवड्यांत मी ऑफिसातून पळत घरी यायचो. मानसी आणि मी रात्री जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलायचो. पुण्यात अशा ड्रॉइंगचं काम मिळेल का, किती मिळेल, कधी. काही ठरलं नाही. पण या वेळी तात्पुरतं हा शब्द कुणी वापरला नाही. या वर्षात ठरवायचं, असं ती म्हणाली आणि मी मान हलवली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ओजस स्टुलावर बसून माझ्याकडे बघत होता. मी पोळ्या लाटत होतो.

"बाबा, व्हिडिओ पुन्हा पाठव ना."

मी मानसीकडे पाहिलं. ती ताटं घ्यायला वळली. मी म्हणालो, पाठवतो, पण आता तो एक दिवसाआडच खातो.

"त्याचा नको. तुझा. जेवतानाचा."

ते जूनमध्ये गेले, तिथली शाळा सुरू व्हायच्या आधी. आता जुलै आहे. खाली टॅक्सीची डिकी धाडकन बंद झाल्याचा आवाज आत्ताच आला, तिसऱ्या मजल्यावरचं हैदराबादी कुटुंब निघालं. पेडणेकरांच्या खोलीत एक तरुण आलाय, त्याची रात्रपाळी असते, भेट होत नाही. मी तेलाच्या बाटलीला फोन टेकवून ठेवतो आणि जेवायला बसतो. पहिले काही दिवस फार अवघड गेलं. घास कसा घेतात तेच विसरल्यासारखं होई. कुणाशी तरी बोलायला हवं म्हणून मी आमटीत काय घातलं ते सांगायचो. आता काही सांगत नाही. नुसता जेवतो, थोडा वेळ, मग बंद करून पाठवतो.

ओजस फोन करतोच असं नाही. कधी खेळून दमलेला असतो, कधी अभ्यास. त्यानं तासभर गप्प बसावं असं या व्हिडिओंत काही नसतं, असं मानसी सांगते. काल पाठवला तेव्हा लगेच काही आलं नाही. मी ताट धुतलं, ओटा पुसला, दिवा घालवून खोलीत आलो. तेव्हा फोन वाजला. एक ओळ होती, मराठीत टाइप केलेली, वेलांटी चुकलेली.

"परवा पण भेंडिच होती."